हातातल्या कन्सोलचा खरा हिशेब

१९८९ साली अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत दोन नवी यंत्रे थोड्याच आठवड्यांच्या अंतराने दाखल झाली. जुलैअखेर आलेल्या निन्टेन्डोच्या गेम बॉयची किंमत होती जेमतेम ९० डॉलर. सप्टेंबरात आलेल्या अटारीच्या लिंक्सची १८०. लिंक्सचा पडदा रंगीत होता आणि मागून उजळलेला, त्यामुळे अंधाऱ्या खोलीतही खेळता येई. त्याची रचना करणारे डेव्ह नीडल आणि आर. जे. मिकल हे अमिगा संगणकाच्या घडणीतून आलेले नामांकित अभियंते. गेम बॉयच्या हिरवट पडद्यावर मात्र मोजून चार छटा. आतला उजेड नाहीच. दिव्याखाली किंवा खिडकीशी बसल्याशिवाय चित्र धड दिसत नसे आणि वेगाने सरकणाऱ्या आकृतीमागे तिची पुसट रेघ रेंगाळत राही.

दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून पाहणाऱ्या कुणालाही लिंक्सच सरस वाटले असते. पाठोपाठ सेगा कंपनीचा गेम गिअर आला. १९९० मध्ये जपानात, १९९१ मध्ये अमेरिकेत, १५० डॉलरला. तोही रंगीत. सेगाच्या जाहिरातींनी गेम बॉयच्या फिक्या पडद्याची उघडउघड टर उडवली. एवढे होऊनही गेम गिअरची विक्री एक कोटीच्या आसपास थांबली, लिंक्स त्याच्याही फार मागे राहिला आणि गेम बॉयने आपल्या नंतरच्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटी ८६ लाखांचा आकडा गाठला.

या निकालाचे निम्मे कारण यंत्राच्या पाठीवरच्या झाकणाखाली होते. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि त्यावर तो साधारण पंधरा तास चाले. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सचीही गत तीच. तीस तास खेळायचे झाले, तर गेम बॉयला आठ सेल पुरत. गेम गिअरला सरासरी चार तास धरले तरी पंचेचाळीस लागत. त्या काळात परत चार्ज होणारे सेल घरोघरी नव्हते, म्हणजे प्रत्येक वेळी नवे विकत आणायचे. दुकानात दिसणारा साठ डॉलरचा फरक घरी आल्यावर दर आठवड्याला वाढत जाई आणि तो भरायचा कुणी, तर आईवडिलांनी. लांबच्या प्रवासात मुलाच्या हातातला गेम गिअर अर्ध्या वाटेत बंद पडायचा, हा भाग वेगळाच.

एवढी वीज जायची कुठे? १९९० च्या सुमारास पडद्याला मागून उजेड द्यायला पांढरे एलईडी नव्हतेच. ज्या निळ्या एलईडीपासून पांढरा प्रकाश मिळवतात, तो पुरेसा तेजस्वी निळा एलईडी जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये सिद्ध केला. त्याआधी कन्सोलच्या पोटात ट्यूबलाइटच्या जातीची एक इवलीशी नळी बसवावी लागे. तिचा बराचसा प्रकाश पडद्यातल्या ध्रुवक पट्ट्या आणि रंगीत गाळण्या शोषून घेत. खेळणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत त्यातला थोडासाच पोचे. उरलेली वीज फुकट. गेम बॉयचा पडदा बाहेरचा प्रकाश परावर्तित करून चित्र दाखवी, त्यामुळे उजेडाचा खर्च शून्य. त्याचा प्रोसेसरही अवघ्या चार मेगाहर्ट्झचा, तेव्हाच्या तांत्रिक मानाने मागासलेला, पण भूक कमी.

हे मागासलेपण ठरवून स्वीकारलेले होते. त्यामागे गुनपेई योकोई हा माणूस होता. १९६५ मध्ये तो निन्टेन्डोत लागला तेव्हा ती कंपनी पत्ते बनवायची आणि योकोईचे काम होते त्या कारखान्यातली यंत्रे चालू ठेवण्याचे. पुढे तो खेळणी घडवू लागला. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्याने पाहिला आणि त्यातून १९८० चा ‘गेम अँड वॉच’ जन्माला आला, असे तो सांगत असे. कॅल्क्युलेटरच्या स्पर्धेमुळे द्रवस्फटिक पडदे तेव्हा मुबलक आणि स्वस्त झाले होते. योकोईचे सूत्र हेच: जे तंत्र रुळले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याचे दोष सगळ्यांना ठाऊक आहेत ते उचलायचे आणि कुणी लावले नसेल अशा ठिकाणी लावायचे. गेली साडेतीन दशके हातातल्या कन्सोलच्या बाजारात जी जी लढत झाली, तिचा निकाल समजून घ्यायला या सूत्राइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही.

निकालाचे उरलेले निम्मे कारण म्हणजे खोक्यात सोबत दिलेला खेळ. अमेरिकेत गेम बॉयबरोबर मारिओ द्यावा असे सहज ठरले असते. पण हेंक रॉजर्स या उद्योजकाने निन्टेन्डो ऑफ अमेरिकाचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना गळ घातली की, ‘टेट्रिस’ द्या. मॉस्कोत अलेक्सी पाझित्नोव याने १९८४ मध्ये रचलेला हा खेळ जणू त्या फिक्या पडद्यासाठीच बेतलेला होता. त्यातले ठोकळे आकारावरून ओळखायचे, रंगाची गरजच नाही. ते सावकाश खाली येतात, त्यामुळे पडद्याचा रेंगाळणारा दोष जाणवत नाही. शिवाय लहान मुलांइतकेच मोठेही त्यात गुंतले. यंत्राची उणीव झाकणारा खेळ मिळाला की ती उणीव व्यवहारात उरत नाही. ही गोष्ट तुलनेच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात वाढलेल्या बहुतेकांनी अस्सल गेम बॉय पाहिलाही नव्हता, पण टेट्रिस त्यांच्यापर्यंत पोचला तो ‘ब्रिक गेम’च्या रूपात. जत्रेत, स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर, स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारे ते प्लास्टिकचे यंत्र दोन पेन्सिल सेलवर दिवसच्या दिवस चाले. वरती ‘९९९९ इन १’ असे काहीतरी छापलेले असे. पडदा कॅल्क्युलेटरच्या धर्तीचा, चौकोनी ठिपक्यांचा. योकोईच्या सूत्राचे याहून काटकसरी उदाहरण शोधून सापडणार नाही, मग ते बनवणाऱ्या चिनी कारखान्यांना त्याचे नाव माहीत असो वा नसो.

२००४ च्या अखेरीस हाच सामना नव्या खेळाडूंत झाला. सोनीचा पीएसपी म्हणजे ४.३ इंची लखलखीत पडदा, चित्रपट, गाणी, छोट्या चकत्यांवरचे भव्य खेळ. अमेरिकेत किंमत २५० डॉलर. निन्टेन्डोचा डीएस म्हणजे घडीचे दोन छोटे पडदे, त्यातला एक बोटाने किंवा लेखणीने दाबायचा; किंमत १५० डॉलर. पीएसपी अपयशी ठरला असे म्हणता येणार नाही, साडेसात कोटींहून अधिक विकला गेला. डीएस मात्र १५ कोटी ४० लाखांवर पोचला. कुत्र्याचे पिल्लू पाळण्याचा ‘निन्टेन्डॉग्ज’ आणि मेंदूला व्यायाम देणारी कोडी यांमुळे, ज्यांनी आयुष्यात कन्सोल हातात धरला नव्हता अशा वयस्क माणसांनीही तो घेतला.

मग निन्टेन्डोचाच हिशेब चुकला. २०११ मध्ये चष्म्याशिवाय त्रिमितीय चित्र दाखवणारा ३डीएस आला तो २५० डॉलरला. सुरुवातीला खेळ मोजके, आणि त्रिमितीय चित्रासाठी म्हणून वेगळे शंभर डॉलर मोजावेत असे लोकांना वाटेना. पाच महिने पुरे होण्याच्या आतच कंपनीने किंमत १७० डॉलरवर आणली. जपानात तर २५,००० येनवरून थेट १५,०००. आधी पूर्ण किंमत मोजलेल्यांना भरपाई म्हणून वीस जुने खेळ मोफत दिले. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. इतक्या मोठ्या कंपनीने इतक्या लवकर आपली चूक पदरात घेऊन ती पैशात भरून दिल्याची उदाहरणे या उद्योगात फार नाहीत. ३डीएस पुढे साडेसात कोटींच्या वर गेला.

त्याच्यासमोर सोनीचा व्हिटा होता. यंत्र म्हणून व्हिटा देखणे होते: पाच इंची ओएलईडी पडदा, दोन उत्तम कळदांडे, मागच्या बाजूलाही स्पर्शफलक. किंमत पुन्हा २५० डॉलरपासून. पण खेळ साठवायला सोनीचेच खास मेमरी कार्ड लागे, बाजारातले साधे चालत नसे. अमेरिकेत ४ जीबीचे कार्ड २० डॉलरला होते आणि ३२ जीबीचे १०० डॉलरला. कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये घालायचे तेवढ्याच जागेचे मायक्रोएसडी कार्ड तेव्हा याच्या काही अंशात मिळत होते. म्हणजे ज्याला खेळ डाउनलोड करून ठेवायचे होते त्याच्यासाठी व्हिटाची किंमत साडेतीनशे डॉलर होती आणि ती कुठल्याही जाहिरातीत छापलेली नव्हती. व्हिटाच्या अपयशाला स्मार्टफोनचा उदय, खेळांची टंचाई अशी आणखी कारणे आहेत. जपानात पीएसपीला ज्या ‘मॉन्स्टर हंटर’ मालिकेने तारले होते ती ३डीएसकडे गेली, हे तर फारच मोठे. तरीही ग्राहकाला सर्वांत जास्त बोचले ते कार्ड, कारण त्यात आपल्याला अडवून पैसे काढले जात आहेत ही भावना होती.

आजच्या बाजारात तुलना करायची ती मुख्यतः तीन घराण्यांत. एका बाजूला निन्टेन्डोचा स्विच २, जून २०२५ मध्ये अमेरिकेत ४५० डॉलरला आलेला. दुसरीकडे वाल्व कंपनीचा स्टीम डेक, २०२२ मध्ये ३९९ डॉलरपासून. त्याची ओएलईडी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४९ डॉलरपासून. तिसरीकडे विंडोज चालवणारी यंत्रे; त्यांतले ठळक नाव म्हणजे असूसचा आरओजी अलाय, २०२३ मध्ये ७०० डॉलरला आलेला, आणि त्याचा २०२५ चा एक्सबॉक्स अलाय एक्स हा वारसदार, १,००० डॉलरचा.

इथेही पहिला प्रश्न विजेचाच. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत देतात आणि यंत्राची भूक वॅटमध्ये. पहिल्याला दुसऱ्याने भागले की तास मिळतात. मूळ स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची. एखादा भारी खेळ वीस वॅट ओढू लागला तर दोन तास, द्विमितीय साधा खेळ आठ वॅटवर भागला तर पाच तास. पहिल्या अलायचीही बॅटरी नेमकी ४० वॅट-तासांची होती, पण त्याची चिप अधिक ताकदीची. शिवाय डेकच्या पडद्यावर १२८० गुणिले ८००, म्हणजे सुमारे दहा लाख ठिपके. अलायवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक. दुप्पट ठिपके रंगवायला जास्त काम, जास्त काम म्हणजे जास्त वीज. सात इंची पडद्यावर हा दुप्पट बारकावा किती जणांच्या डोळ्यांना जाणवतो? थोड्यांच्या. भारी खेळात मात्र बॅटरी तासाभरात उतरू लागते, हे सगळ्यांना जाणवते. असूसला हे उमगले असावे, कारण वर्षभरात आलेल्या अलाय एक्समध्ये बॅटरी थेट ८० वॅट-तासांची होती, आणि किंमत ८०० डॉलर.

स्विचच्या इतिहासात याचे आणखी बोलके उदाहरण आहे. २०१७ च्या पहिल्या स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ ही चिप होती, तेव्हाही दोन वर्षे जुनी. योकोई निन्टेन्डो सोडून गेल्याला वीस वर्षे उलटली होती, पण त्याची शिकवण टिकून होती. तो स्विच अडीच ते साडेसहा तास चाले. २०१९ मध्ये तीच चिप अधिक बारीक प्रक्रियेने बनवून बसवली आणि त्याच किमतीत, त्याच रूपाचे यंत्र साडेचार ते नऊ तास चालू लागले. ज्याने दोन वर्षे थांबून घेतला त्याला एक पैसा जास्त न देता बरेच चांगले यंत्र मिळाले. हातातल्या कन्सोलच्या बाबतीत पहिल्या दिवशी रांगेत उभे राहण्यात क्वचितच शहाणपण असते, हे ३डीएसने आणि या स्विचने दोनदा दाखवून दिले आहे.

दुसरा प्रश्न खेळांच्या किमतीचा, आणि तो यंत्राच्या किमतीहून मोठा ठरतो. स्विच २ बरोबर आलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची सुटी किंमत ८० डॉलर होती. निन्टेन्डोचे स्वतःचे खेळ वर्षानुवर्षे फारसे स्वस्त होत नाहीत. २०१७ चे खेळ आजही जवळपास पूर्ण किमतीला दिसतात. उलट स्टीम डेक म्हणजे हातात मावणारा संगणकच. ज्याने आधीच संगणकावर स्टीम या वाल्वच्या ऑनलाइन दुकानातून खेळ घेतले आहेत, त्याची जुनी सगळी शिदोरी डेकवर विनामूल्य चालू होते, आणि सेलच्या दिवसांत दोनचार वर्षांपूर्वीचे उत्तम खेळ निम्म्या-पाव किमतीत मिळतात. समजा, एका ग्राहकाने स्विच २ आणि सरासरी ७० डॉलरचे पाच खेळ घेतले. खर्च ८०० डॉलर. दुसऱ्याने ५४९ डॉलरचा डेक आणि सवलतीतले १५ डॉलरचे पाच खेळ घेतले, खर्च ६२४. दुकानात शंभर डॉलरने महाग दिसलेले यंत्र पाच खेळांतच पावणेदोनशेने स्वस्त पडले. वाल्वचे प्रमुख गेब न्यूएल यांनी डेकची मूळ किंमत गाठणे वेदनादायक होते असे म्हटले होते. ती वेदना कंपनीने सोसली, कारण तिची कमाई दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळाच्या वाट्यातून होते.

या हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी. निन्टेन्डोच्या खेळाची कॅसेट विकता येते, मित्राला देता येते, वापरलेली घेता येते. आणि ते खेळ भाव टिकवून असतात म्हणूनच विकताना बरे पैसे येतात. स्टीमवरचा खेळ एकदा घेतला की तो खात्याला कायमचा चिकटला. स्विच २ वर काही कंपन्यांनी ‘गेम-की कार्ड’ आणली आहेत. त्यांत खेळ नसतोच, फक्त तो डाउनलोड करण्याची परवानगी असते. ही कार्डे परत विकता येतात हे ठीक, पण खेळ उतरवायला जागा लागते, आणि स्विच २ ला साधे मायक्रोएसडी कार्ड खेळांसाठी चालत नाही. मायक्रोएसडी एक्स्प्रेस नावाचे नवे, महाग कार्ड लागते. व्हिटाशी याची तुलना होणारच. फरक एवढा की हे कार्ड अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे त्याचा भाव उतरायला वाव आहे.

विंडोजवरच्या यंत्रांबद्दल परखडपणे सांगायला हवे. ती ताकदवान आहेत आणि संगणकावरचे सगळे खेळ चालवतात. पण विंडोज ही प्रणाली सात इंची पडद्यासाठी आणि अंगठ्यांसाठी बनलेली नाही. डेकवर बटण दाबून खेळ झोपवावा आणि चार तासांनी तिथूनच उठवावा, हे जितके बिनघोर होते तितके विंडोजवर होत नाही. लेनोव्होने २०२५ मध्ये लीजन गो एस हे यंत्र विंडोज आणि वाल्वची स्टीमओएस, अशा दोन्ही प्रणालींसह आणले. एकाच यंत्रावर दोन्ही चालवून केलेल्या परीक्षणांत बरेच खेळ स्टीमओएसवर अधिक सुरळीत चालले. तरी एक मोठा अपवाद ध्यानात ठेवावा: ‘व्हॅलोरंट’, ‘फोर्टनाइट’ यांसारखे खेळ त्यांच्या फसवणूकरोधक व्यवस्थेमुळे स्टीमओएसवर चालत नाहीत. भारतातल्या कॉलेजवयीन मुलांत व्हॅलोरंटचे वेड मोठे आहे. मुलगा तेच खेळणार असेल तर त्याच्यासाठी डेक घेणे म्हणजे पैसे वाया.

भारतात या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. निन्टेन्डो आपली कन्सोल इथे अधिकृतपणे विकत नाही, वाल्वही डेक विकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जी यंत्रे मिळतात ती आयात केलेली, आणि त्यांना कंपनीची इथली वॉरंटी नसते. अलाय मात्र असूसने २०२३ मध्ये इथे रीतसर आणला, ६९,९९० रुपयांना, कंपनीच्या सेवा केंद्रांच्या आधारासह. अमेरिकेत डेक अलायपेक्षा बराच स्वस्त. इथे आयातदाराचा नफा आणि दुरुस्तीची जोखीम धरली की ते अंतर आकसते. दुसरीकडे स्टीमवर खेळांच्या किमती रुपयांत असतात, आणि बऱ्याच खेळांना त्या अमेरिकेतल्या किमतीहून कमी असतात. निन्टेन्डोच्या खेळांना ती सोय नाही. ८० डॉलरचा खेळ सात हजार रुपयांच्या घरात जातो. मध्यमवर्गीय घरात महिन्याला एक नवा खेळ या गतीने हा छंद परवडणारा नाही. लहान भावंडांनी एकाच यंत्राचे दोन कंट्रोलर वाटून घेऊन शेजारी बसून खेळावे असे वाटत असेल, तर मात्र स्विचच्या तोडीचे दुसरे यंत्र नाही. त्यासाठी जुना, वापरलेला स्विच आणि हाताळलेल्या दोनतीन कॅसेट हा सर्वांत समजूतदार व्यवहार आहे.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून कन्सोल मागवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. जपानहून मागवणाऱ्यांनी थोडे जपावे. तिथे स्विच २ दोन प्रकारांत मिळतो. २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला प्रकार फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्यावर जपान हा देश निवडलेलेच निन्टेन्डोचे खाते जोडता येते. सर्व भाषांचा प्रकार तेव्हा ६९,९८० येनला आला, आणि तो निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातच विकला जाई. टोकियोतल्या दुकानाच्या फळीवर स्वस्त दिसणारे खोके हे बहुधा पहिल्या प्रकारचे असते, म्हणून पैसे देण्याआधी त्यावरची भाषेची सूचना वाचून घ्यायला सांगावे.